हे म्हणजे कोण?

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला ‘हे’ म्हणते. माझी आई वडलांना ‘हे’ म्हणायची, सासूबाई सासऱ्यांना ‘हे’ म्हणायच्या, आणि नाव घ्यायची वेळ आली की माझी जीभ अजूनही अडखळते. हे आलेत, हे जेवलेत, थांबा, ह्यांना विचारते. पण त्या दुपारी दुकानात मागून ह्यांचा आवाज आला, "अगं, हे जळतंय बघ," तेव्हा मला वाटलं की शर्ट जळतोय.

मी काउंटरवर होते. एका बाईशी वाद चालला होता. कोटावरचा डाग आमच्याकडे पडला असं तिचं म्हणणं, आणि डाग कोटाबरोबरच आला असं माझं. आमची लॉन्ड्री तशी लहान. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, आणि दोन्हींच्या मध्ये छताच्या दांडीला लटकणारे कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले. तेवढ्यात वास आला. सुती जळलं की लोकरी, हे मला नाकावर कळतं. हा वास दोन्हींतला नव्हता.

कपडे दोन्ही हातांनी बाजूला सारत मी मागे धावले. हे टेबलाशी उभे होते. उजव्या हातात इस्त्री, टेबलावर पांढरा शर्ट, शर्टावर ह्यांचा डावा हात, आणि इस्त्री त्या हातावर टेकलेली. हे त्या हाताकडे बघत होते. रस्त्यावरचं दुसऱ्यांचं भांडण खिडकीतून बघावं ना, तसे.

"अहो! काय करताय!" मी इस्त्री हिसकावली. हातावरची कातडी तिच्याबरोबर सुटून आली. मी किंचाळले. हे किंचाळले नाहीत.

"लागलं नाही का तुम्हाला?"

"ह्याला लागलं असेल," असं म्हणून ह्यांनी तो हात माझ्यापुढे धरला, गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तसा. "मला नाही."

आणि हसले. 

हे सगळं साक्षीबाईंकडून आलं होतं. साक्षीबाई हे नाव मी ठेवलेलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तत्त्वज्ञानाचा वर्ग घेतात, आणि दर चार वाक्यांनी त्यांच्या तोंडी ‘साक्षी’ हा शब्द येतो. देह बदलतो, वाढतो, थकतो, एक दिवस जातो. पण हे सगळं ज्याला कळतं तो बदलत नाही. तो नुसता बघतो. तो साक्षी, तो आत्मा, आणि तेच तुम्ही आहात. हे सगळं त्या इतक्या गोड आवाजात सांगायच्या की मी एकदा गेले आणि खुर्चीतच झोपले. हे मात्र एकही रविवार चुकवेनात. आधी मला बरंच वाटलं. रविवारी सकाळी घर माझं एकटीचं असायचं.

पण माझ्या नवऱ्याला मी ओळखते. हे म्हणजे पहिल्या नंबरचे रडके! बोटात टाचणी घुसली तर अख्खं घर डोक्यावर घेणार, मला औषधाची बाटली शोधायला लावणार, आणि संध्याकाळपर्यंत ते बोट उभं धरून फिरणार. असा माणूस हात भाजताना हसतो? मला ते पटेना.

पुढच्या रविवारी हाताला पट्टी बांधून हे वर्गाला गेले. पाठोपाठ मीही गेले. साक्षीबाईंनी ह्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "वर्षानुवर्षं मी नुसतं बोलते," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाने ते करून दाखवलं." लोकांनी हात जोडले. एक काका तर उठून ह्यांच्या पाया पडले. मी शेवटच्या रांगेत बसून धुमसत होते. पण खरं सांगू? रागाच्या खाली भीती होती. काका पायाला हात लावत होते आणि ह्यांची नजर समोर होती. काका उठून उभे राहिले तेव्हा हे दचकले. कुणी पायाला हात लावला हे ह्यांना कळलंच नव्हतं.

मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. ह्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, म्हणून मी म्हणायचे, बटणं लावायला बायको हवी का. मग ह्यांनी बटणांचे शर्टच सोडले. आंघोळीचं पाणी इतकं कढत घ्यायचे की न्हाणीघरातून बाहेर येताना अंग लालबुंद. आणि एकदा तर दुकानातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. "दुसरी कुठाय?" मी विचारलं. ह्यांनी खाली पाहिलं. आपला पाय पहिल्यांदाच दिसल्यासारखं पाहिलं. मी तेव्हा पोट धरून हसले होते. हेही हसले होते, पण माझ्यानंतर जरा वेळाने.

हळूहळू ह्यांच्या बोलण्यातून ‘मी’ जायला लागला. "ह्याला भूक लागलीय, वाढ." "हे आता थकलंय, झोपवतो." छातीवर बोट ठेवून म्हणायचे, ‘हे’. मी आधी उलट बोलून पाहिलं. "त्याला म्हणावं, आपलं ताट आपण घे." नाहीतर, "हे म्हणजे आमच्याकडे नवरा. तुमचं ‘हे’ कोण मला माहीत नाही." हे नुसते हसायचे. एका संध्याकाळी टीव्ही बघताना मी ह्यांच्या हातावर हात ठेवला. किती दिवसांनी ठेवला होता कोण जाणे. ह्यांनी मान वळवली नाही, बोटं मिटली नाहीत. थोड्या वेळाने मी हात काढून घेतला. तेही ह्यांना कळलं नाही.

मला रडूच कोसळलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. हे जिवंत होते, बोलत होते, जेवत होते, आणि तरी घरात मी एकटी होते. माझ्या बाजूला कोण बसतंय, हा विचार मनात आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. त्यानंतर दुकानातल्या लटकणाऱ्या कपड्यांचीही मला भीती वाटायला लागली. इतकी वर्षं त्यांच्यातून ये-जा केली, कधी काही वाटलं नव्हतं. आता पंख्याच्या वाऱ्याने एखादी बाही हलली की छातीत धस्स व्हायचं. कोट आहे, खांदे आहेत, आत कुणी नाही.

"डॉक्टरांकडे चला," मी रोज म्हणायचे.

"कुणाला न्यायचंय?" हे विचारायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग दुकानात वास यायला लागला. आधी मला वाटलं मोरी तुंबली. मग वाटलं ओली लोकर कुठेतरी राहून गेली. पिंप उपसलं, कपाटं ओढली, फरशी दोनदा पुसली. वास जाईना. एक गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून उभं राहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी दुकान रिकामं झालं तसं मी वास हुंगत हुंगत निघाले. काउंटरपाशी कमी, कपड्यांच्या रांगेत जास्त, इस्त्रीच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त. टेबलापाशी हे उभे होते.

"बसा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बूट काढा."

"काय झालं?"

"आधी बसा!"

मी खाली बसून ह्यांचा बूट ओढला. मोजा टाचेला चिकटला होता. तो पाण्याने भिजवून सोडवला आणि मी तोंडावर हात घेतला. कपड्यांना नंबराची चिठ्ठी लावायची आमची पिन असते ना, ती बुटाच्या तळातून आरपार घुसून टाचेत रुतली होती. किती दिवसांची, देव जाणे. भोवती मांस काळं पडलं होतं आणि घोट्यापर्यंत पाय फुगला होता. ह्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. ह्या पायावर हा माणूस रोज घर ते दुकान चालत होता.

"अहो, उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

ह्यांनी वाकून टाच पाहिली. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "असू दे गं," हे म्हणाले. "हे आज ना उद्या जायचंच आहे. मी कुठे जातोय?"

मी हात जोडले. ओरडले, शिव्या दिल्या, ह्यांच्या आईची शपथ घातली. "तुम्ही मराल हो!" असं तोंडावर म्हणाले. हे खुर्चीत बसून राहिले. ओढून नेईन म्हटलं तर माझ्या अंगात तेवढी ताकद कुठली? आणि इतका वेळ मी ज्याच्याशी बोलत होते, तो ऐकत तरी होता का? तेवढ्यात मला एकच माणूस सुचलं. दुकानाला कडी घातली, हे आत बसलेले असताना, आणि दोन गल्ल्या पळत साक्षीबाईंच्या दारात उभी राहिले.

त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"तुमचा शिष्य मरायला बसलाय," मी म्हटलं. "येऊन बघा, साक्षी व्हा."

त्यांनी झारी तिथेच टाकली. चपला उलटसुलट घालून आल्या, हे मी नंतर पाहिलं.

टाच बघून बाई पांढऱ्या पडल्या. मला वाटलं आता प्रवचन सुरू होईल. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि ह्यांच्या पायापाशी बसल्या. "दुखतंय?"

"दुःख देहाला. मी बघतोय."

"बरं. मग डोळे मिटा. मी पायाला बोट लावते. कळलं की हो म्हणा."

ह्यांनी डोळे मिटले.

"आता?"

"हो," हे म्हणाले.

"आता?"

"हो."

"आणि आता?"

"हो, कळलं."

 बाईंचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी ते हलवलेही नव्हते.

"मी अजून हात लावलेला नाही," बाई हळूच म्हणाल्या.

ह्यांनी डोळे उघडले. बाईंच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते हसू ओठांवर तसंच होतं, पण मागून सगळं निघून गेलेलं.

"साक्षी म्हणजे काय सांगितलं होतं मी?" बाईंचा गोड आवाज थरथरत होता. "ज्याला कळतं तो. भाजलं तर भाजलेलं कळतं, दुखलं तर दुखलेलं कळतं. कळूनही तो जागचा हलत नाही. तुम्हाला कळतच नाहीये हो! आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं केलं. माझी अक्कल कुठे गेली होती?"

 ह्यांची हनुवटी हलायला लागली. टाचणी टोचल्यावर हलायची तशीच. ती मी किती दिवसांनी पाहत होते!

"आधी अंगठा गेला," हे म्हणाले. "पायाचा. मग बोटं. मोजा वर ओढत न्यावा तसं रोज थोडं वर यायला लागलं. मग हातांना सुरू झालं. मला वाटलं, मरण असंच येत असणार, खालून. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मग ह्या म्हणाल्या की जे जातंय ते तुम्ही नव्हेच. तेव्हा कुठे जिवात जीव आला माझ्या."

"आणि इस्त्री?" मी विचारलं.

"वास आला तेव्हा तुला हाक मारली आणि मग खाली पाहिलं. तर हात." ह्यांनी पट्टी बांधलेला हात पोटाशी घेतला. "इतका घाबरलो की ओरडताच येईना. तू आलीस, तोवर ते वाक्य आठवलं. म्हणून टाकलं."

मला संताप आला. इतक्या दिवसांची भीती, ते नळ सोडून रडणं, सगळं एकदम वर आलं. "आणि मी कोण होते?" मी ओरडले. "माझ्याजवळ बोलायला तुमची जीभ झडली होती? मी इथे तुमच्या जिवंतपणी विधवा झाल्यासारखी फिरतेय, आणि तुम्ही मला वाक्यं ऐकवताय?" बोलता बोलता मी ह्यांचं डोकं छातीशी धरलं. ताप तव्यासारखा होता. ह्या वेळी हे उठले. एक हात माझ्या खांद्यावर, एक बाईंच्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, रक्त तपासलं आणि माझ्यावरच चिडल्या. रक्तातली साखर कधीपासून वाढलेली होती, कुणी पाहिलंच नव्हतं. साखरेने नसा मारल्या होत्या. मेल्या त्या परत येतील अशी आशा धरू नका, उरल्यात त्या सांभाळा, असं म्हणाल्या. टाच आत्ता कापून साफ करणार. विष वर चढलं असेल आणि ताप उतरला नाही, तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. आणि त्यानेही भागलं नाही तर? ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

आत न्यायच्या आधी ह्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. चादरीखालच्या पायाकडे मान केली. दात वाजत होते.

"हे राहील ना गं?"

मी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला. गालावर हात लागल्याबरोबर ह्यांनी डोळे मिटले. तिथे कळत होतं. "हे राहतील," मी म्हटलं. "माझे हे राहतील."

बाहेरच्या बाकावर साक्षीबाई माझी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आत्मा मरत नाही ना?" मी विचारलं. भांडायच्याच सुरात विचारलं. "त्याला शस्त्र लागत नाही, आग लागत नाही. मग मला कसली भीती वाटतेय?"

बाई खाली मान घालून पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. "मलाही वाटतेय," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो.

ताप उतरायला वेळ लागला. त्या दिवसांबद्दल मला बोलवत नाही. पाय राहिला. टाचेला मात्र खड्डा पडलाय, आणि हे काठी घेऊन चालतात. दुकानात आता इस्त्री मी करते आणि काउंटरवर हे बसतात. डागांवरून गिऱ्हाइकांशी वाद घालायला ह्यांना जमत नाही, सगळ्यांचं सगळं खरं धरतात. रविवारी अजून वर्गाला जातो, आता दोघंही. साक्षीबाई साक्षी हा शब्द उच्चारण्याआधी जरा थांबतात आणि ह्यांच्या पायांकडे बघतात.

रोज संध्याकाळी मी ह्यांचे पाय तपासते. डॉक्टरीणबाईंनी ते काम मलाच दिलंय. ह्यांना कळत नाही, ते माझ्या डोळ्यांना कळलं पाहिजे. तळव्याखाली आरसा धरते, बोटांच्या बेचक्या बघते. मग ह्यांनी डोळे मिटायचे, आणि मी अंगठ्यापासून वर बोट दाबत जायचं. कुठे कळायला लागतं ते बघायचं. ती जागा वर सरकू नये म्हणून माझा रोज जीव टांगणीला.

काल मी दाबत दाबत वर चालले होते. "इथे?" "नाही." "इथे?" "नाही." नडगीच्या मध्यावर आले. परवापर्यंत इथे कळायचं. "इथे?" ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, वाट पाहिली. "नाही गं."

माझा हात थांबला. मला ते मान्य करायचं नव्हतं. बोट जरा वर न्यायचं, आणि तिथेही नाही म्हणाले तर? मी बोट उचललं आणि तसंच हवेत धरून बसले.  तोंडातून सवयीने निघून गेलं, "इथे?"

त्या दिवशी बाईंना म्हणाले तसं एक ‘हो’ म्हणाले असते तर मी तिथेच संपले असते.

ह्यांचे डोळे मिटलेलेच. मग हनुवटी हलली.

"कळत नाही गं. हात काढू नकोस ना," हे म्हणाले. "मला भीती वाटते."

मी पाय सोडला, वर सरकले आणि दोन्ही हातांनी ह्यांचं तोंड धरलं.